कुंभारांचा हिशेब

आजची संध्याकाळ ला ग्रोफेसांकबद्दल वाचण्यात गेली. दक्षिण फ्रान्समध्ये, मियो गावाजवळ, तार्न नदीकाठी इसवी सनाच्या पहिल्या शतकात तिथे कुंभारांची वस्तीच होती. लालचुटूक, चकचकीत थाळ्या-वाडगे. रोमन साम्राज्यात दूरदूर जायचे. पाँपेईत तर अशा ९० वाडग्यांची पेटी १८८१ साली सापडली, माल वापरायच्या आधीच ज्वालामुखीच्या राखेत गाडली गेलेली.

उत्खननात हाती लागलेली मोठी भट्टी एका वेळी तीस हजारांच्या आसपास भांडी भाजायची म्हणे. धूर लागला की लाली गेलीच, म्हणून गरम हवा मातीच्या नळ्यांतून खेळवायचे. पण माझं मन अडकलं ते हिशेबात. भट्टी एक, कुंभार अनेक. मग कोणाची किती भांडी आत गेली हे ओल्या थाळीवर टोकदार काडीने खरडायचे आणि ती थाळीही मालासोबत भाजायची! कास्तुस, फेलिक्स, मासुएतोस अशी नावं, पुढे भांड्याचा प्रकार, मग आकडा. लिपी रोमन, भाषा बरीचशी गॉलिश, म्हणजे तिथल्या स्थानिकांची. रोमन जेत्यांच्या बाजारासाठी राबणारे हे लोक मोजत मात्र आपल्याच बोलीत होते.

आणि तिथले बिघडलेल्या मालाचे खड्डे! वितळून एकमेकांना चिकटलेल्या वाडग्यांच्या चळती. कुंभाराने तेव्हा कपाळाला हात लावला असेल. पुरातत्त्वज्ञाला मात्र घबाड. कोणाकोणाचा माल एकत्र भाजला, हे त्या चळतींवरच्या कुंभारांच्या शिक्क्यांवरून कळतं.