गुरांनी घडवलेला ओक

कोस्ट लाइव्ह ओकचं पान आधी बोटांना कळतं, मग डोळ्यांना. वरून फुगीर, तकतकीत, कडांना बारीक काटे. आणि उलटं केलं की मधल्या शिरेपासून बाजूच्या शिरा जिथे फुटतात, तिथल्या कोपऱ्याकोपऱ्यांत लवीचे इवले पुंजके. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगतच्या टेकड्या मे महिन्यापासून सुकत जातात, गवत आधी पिवळं, मग सोनेरी, मग राखाडी होतं, पाऊस पार दिवाळीच्या सुमारास उगवतो, आणि त्या सगळ्या काळात या सदाहरित झाडाची काळपट हिरवी सावली जिथल्या तिथे उभी असते. वर ऊन झेलणारं, खाली ओल जपणारं पान. एवढ्याशा पानात अख्खा उन्हाळा मावलेला.

माझ्या मागच्या अंगणातला, कुंडीतला बोन्साय ओक गुडघ्याएवढा आहे आणि माझ्याहून वयाने मोठा असावा. पूर्वी तो गुरं चारायच्या एका खाजगी रानात होता. दर वसंतात पालवी फुटायची आणि गाय यायची. शेंडा गेला की खालचे डोळे फुटायचे, ते गेले की त्याखालचे. वर जायची वाट दरसाल बंद होत गेली तसं झाड बुंध्याशी जाडावत राहिलं, गाठाळत राहिलं, आणि काटेरी पानांची एवढी दाट झुंबड त्याने स्वतःभोवती रचली की आतल्या फांद्यांपर्यंत तोंड पोचू नये. 1769 मध्ये स्पॅनिश लोक या किनाऱ्यावर वस्तीला आले, गुरं घेऊन आले. तेव्हापासून इथल्या ओकच्या किती पिढ्यांनी हा वार्षिक दंड भरला असेल. बोन्सायवाले ज्याला शैली म्हणतात ती इथे भुकेने आखली होती. दुसऱ्याच्या भुकेने.

मालकाच्या परवानगीने, हिवाळा सरता सरता, डोळे फुगायच्या आत तो काढला. जपानी लोक डोंगरातून आणलेल्या अशा झाडाला यामादोरी म्हणतात. पावसाने मऊ झालेली माती, तिचा कुजलेल्या पानांचा गोडसर वास, कुदळीला लागलेलं जाड सोटमूळ. आणि त्याच्या आसपास बारीक मुळांना बिलगलेले बुरशीचे पांढरे तंतू. ओक एकटा जेवत नाही. ही बुरशी दुरून पाणी आणि क्षार आणून त्याला देते, त्याच्याकडून साखर घेते. म्हणून रानातली थोडी माती मुळांना तशीच राहू दिली, बाकी कुंडी प्यूमिसच्या खड्यांनी भरली. त्यानंतर काही वर्षं काहीच करायचं नसतं. कात्री नाही, तार नाही, नुसतं पाहायचं. मला वाटतं, या कलेतला सगळ्यात अवघड भाग हाच. छाटायला कुणालाही येतं.

आणि पाणी. रानातल्या मोठ्या ओकच्या बुंध्याशी भर उन्हाळ्यात पाणी घालत राहिलं तर उबदार ओलीत मुळं कुजवणाऱ्या बुरशींचं फावतं, झाड मरतंसुद्धा. कोरडा उन्हाळा हाच त्याचा आराम. तेच झाड कुंडीत आलं की जुलैत रोज पाणी मागतं. सकाळी झारी धरते तेव्हा खड्यांचा रंग फिक्यावरून गडद होत जाताना दिसतो, तळाच्या भोकांतून धार लागते, आणि रानात जे त्याने कधी मागितलं नसतं ते मी त्याला देत असते. एक मित्र म्हणतो, हे देश सोडून आलेल्या आपल्यासारखंच आहे, एका मातीतून उपटलेलं, दुसऱ्या मातीत रुजलेलं. मला ही उपमा पटत नाही. मी विमानाचं तिकीट काढून आले.

ओकला कुणी विचारलं नव्हतं.

इथलं ओकलंड शहर तर ओकच्या राईवरूनच नाव घेऊन वसलं आणि वसता वसता ती राई तोडत गेलं. तिथे लेक मेरिटच्या काठी 1999 पासून बोन्सायची बाग आहे, स्वयंसेवक सांभाळतात. तिच्यात दाइम्यो नावाच्या जातीचा एक ओक आहे. लिंकनने चीनला पाठवलेले राजदूत अँसन बर्लिंगेम यांना तो भेट मिळाला होता, असं सांगतात. किती हातांनी त्याला पाणी घातलं असेल! त्याच्यासमोर उभी राहिले की माझी कात्री फार उतावळी वाटते.

आकार देताना मोह पडतो तो पाइनचा: थराथरांच्या फांद्या, नीट तासलेले हिरवे ढग. ओकला ते शोभत नाही. ओक पसरतो, वळसे घेतो, भलतीकडे कोपर काढतो. जुनी फांदी तर वळतच नाही, मोडते. तार घालायची ती कोवळ्या फांदीला, आणि साल जाडावून तिच्यात रुतायच्या आत काढायची. जुनिपरचं मेलेलं लाकूड वर्षानुवर्षं पांढरंशुभ्र टिकतं, ओकचं कुजतं; म्हणून गाईने तोडलेल्या जागी मी सुळके ठेवले नाहीत, ढोल्या कोरल्या. आता सालीची कड दरवर्षी थोडी थोडी आत वळते, भाकरीची कड थापताना तळहाताने वळवावी तशी. वसंतात जुनी पानं गळतात, नवी येतात, आणि लांबलेले शेंडे मी खुडते. मग ध्यानात येतं की मी करते ते गाईचंच काम, फक्त पोट भरण्यासाठी नाही.

एक खालची फांदी आहे, जमिनीकडे झुकलेली, टोकाला चावलेली. पाहणारे सगळे म्हणतात, काढून टाक, तोल सुधारेल. सुधारेलही. पण झाडाच्या अंगावर गाईची एवढीच सही शाबूत आहे, आणि तोल मला तितका प्रिय नाही.

गेल्या शरदात एका निळ्या स्क्रब जे पक्ष्याने याच कुंडीत ओकचं बी पुरून ठेवलं आणि तो विसरला. त्या बीला कोंब आला आहे, चार पानं, काटे आत्तापासूनच धारदार. कुंडीत दोघांची मुळं मावायची नाहीत. कुंपणापाशी, जिथे नळी पोचत नाही आणि गायही येणार नाही, तिथे रविवारी त्याच्यासाठी खड्डा काढायचा आहे. तिथे वाढला तर शेजाऱ्यांच्या गॅरेजवर फांद्या जातील, भांडण होईल. होऊ दे.