आईसाठी केलेला ट्रॅक

आज पुन्हा ऑर्बिटल, ही इलेक्ट्रॉनिक संगीताची जोडी. केंटमधल्या सेव्हनओक्सचे फिल आणि पॉल हार्टनॉल, सख्खे भाऊ. त्यांचं ‘चाइम’ १९८९ मध्ये घरीच, वडिलांच्या कॅसेट डेकवर रेकॉर्ड झालं आणि पुढच्या वर्षी ब्रिटनच्या टॉप ट्वेंटीत पोचलं. पण माझा जीव गुंतलाय तो १९९३ च्या तपकिरी अल्बममधल्या ‘हॅल्सियन’मध्ये. त्यांची आई ज्या झोपेच्या गोळ्यांच्या आहारी गेली होती, त्यांच्या नावावरून हे नाव. गायिका कर्स्टी हॉकशॉच्या आवाजाचा तुकडा उलटा फिरत राहतो, शब्द हाती लागत नाहीत. गुंगीत जाणारं माणूस असंच ऐकू येत असेल! एवढं दुःख, आणि तरी पाय थिरकतात. यंत्रांतून इतकी माया मी क्वचितच ऐकलीय. उद्या त्यांचा ‘स्निव्हिलायझेशन’ अल्बम सलग ऐकायचाय.