परळचा पूल

एल्फिन्स्टन पुलावरून आम्ही लहानपणी गिरणीचे भोंगे ऐकत चाललो. पूर्वेला के.ई.एम. नि टाटा इस्पितळ, पश्चिमेला प्रभादेवी. गाडीभाडे नसले तरी पेशंटचा डबा पायी पोचे. नव्या दुमजली पुलासाठी तो पाडायचे ठरले, तेव्हा एप्रिल २०२५ मध्ये रहिवासी रस्त्यावर उतरले. आधी आमच्या घरांचे बोला, म्हणाले. तेव्हा काम थांबले. पण १२ सप्टेंबरच्या रात्री पूल बंद झालाच. गाड्यांना टिळक पुलाचा, करी रोडचा वळसा. पायी माणसाला रेल्वेचे जिने. याच स्थानकाच्या जिन्यावर २९ सप्टेंबर २०१७ रोजी चेंगराचेंगरीत २३ माणसे गेली, हे कसे विसरावे? नंतर एकदा एक आजी गुडघा धरून मधल्या पायरीवर बसलेल्या दिसल्या. आम्ही त्यांचा डबा घेतला आणि हात धरून वर नेले.