लेडफील्डचा लाभांश

बँकेतल्या कारकुनाला आयुष्यात रस्ते दोनच. एक घरून स्टेशनवर जाणारा आणि दुसरा स्टेशनवरून बँकेत जाणारा. दोन्ही डांबरी असतात. निदान म्युनिसिपालिटीच्या दप्तरी तरी तशी नोंद असते. त्यामुळे २०१९ च्या नोव्हेंबरात आम्ही उभयता लॉस एंजलीसला भाच्याकडे गेलो असताना तो जेव्हा म्हणाला, "मामा, डेथ व्हॅलीत एक जुना खाणीचा रस्ता आहे, जीपनं जाऊ या," तेव्हा त्या वाक्यातला एकही शब्द मला आवडला नाही. 'डेथ' नाही, 'जुना' नाही, 'खाण' तर नाहीच. 'मामा' तेवढा बरा होता. पण मराठीत माणसाचा मामा करतातही, हे मला ठाऊक होतं.

"विम्याचा हप्ता भरलाय ना?" हिनं विचारलं. बँकवाल्याशी पंधरा वर्षं संसार केला की बायका अशा मुद्देसूद होतात. हप्ता भरलेला होता. त्यामुळे ही आणि सूनबाई घरी राहिल्या आणि आम्ही मामा-भाचे निघालो.

आपल्याकडे जीप म्हणजे आत चौदा, मागं लटकलेले चार आणि ड्रायव्हर निम्मा बाहेर. या जीपमध्ये माणसं दोनच आणि पाण्याचे कॅन मात्र वऱ्हाडाला पुरतील इतके. ते पाहून माझा धीर आणखी खचला. पण १९१३ च्या जुलैत याच खोऱ्यात ५६.७ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झालेली आहे. अशा ठिकाणी पाण्याबाबत चेष्टा करू नये.

बीटी नावाच्या गावी रात्र काढली आणि सकाळी वाटेत रायोलाइट पाहिलं. १९०४ मध्ये आसपास सोनं सापडलं, १९०५ मध्ये गाव वसलं आणि १९०८ मध्ये तिथं चक्क तीन मजली बँक उभी राहिली. मग सोनं आटलं आणि पाठोपाठ गावही आटलं. आज त्या बँकेच्या नुसत्या भिंती उभ्या आहेत. छप्पर नाही, दारं नाहीत, काऊंटर नाही. मी सवयीनं घड्याळ पाहिलं. दहाला दहा कमी होते, म्हणून बाहेरच थांबलो.

तिथून थोडं पुढं गेल्यावर टायटस कॅन्यनचा रस्ता सुरू झाला. टायटस हा एक तरुण खाणवाला. तो या डोंगरात पाण्याच्या शोधात गेला आणि परत आला नाही, म्हणून या घळीला त्याचं नाव. ही माहिती भाच्यानं मला रस्त्याला लागल्यावर सांगितली. रस्ता सुमारे ४३ किलोमीटरचा आणि बराचसा एकेरी. म्हणजे अशी मुदत ठेव, जी मुदतीपूर्वी मोडता येत नाही.

तोंडाशीच भाच्यानं उतरून चारी चाकांची थोडी थोडी हवा सोडली. आमच्या गल्लीत असला उद्योग करणाऱ्या पोरांच्या बापांशी मी भांडलेलो आहे. "हवा कमी असली की टायर पसरतो मामा, खडीला धरून चालतो," तो म्हणाला. पुढं नागमोडी चढ लागला. एका बाजूला तांबडा डोंगर, दुसऱ्या बाजूला नुसतीच हवा; बहुधा टायरमधून सोडलेली. रेड पास नावाची खिंड समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटर उंचीवर आहे. तिथं पोचेपर्यंत मी डोळे मिटून तेहेतीसचा पाढा म्हटला.

खिंडीपलीकडे उतरल्यावर लेडफील्ड आलं. 'आलं' म्हणायचं एवढंच. पत्र्याची दोन-चार गंजकी खोपटी, दगडमातीचे ढिगारे आणि डोंगराला पडलेली खाणीची भोकं. "आत शिरायचं नाही हं मामा," भाचा म्हणाला. ज्याला बँकेच्या स्ट्राँगरूममध्येही गुदमरतं, त्याला ही सूचना करण्याची गरज नव्हती. जीप सोडून आम्ही पायी हिंडलो आणि चालता चालता भाच्यानं गावाची कुंडली सांगितली. ती ऐकल्यावर मात्र मी डोंगर सोडून गावाकडंच बघत राहिलो. कारण ही गोष्ट खाणीची नव्हतीच. ती शेअरची होती.

डोंगरात शिसं होतं, हे खोटं नव्हतं. वेस्टर्न लेड नावाच्या कंपनीनं डोंगर फोडून हा रस्ता केला. खर्च अदमासे ६०,००० डॉलर, तेही त्या काळचे. १९२६ मध्ये सी. सी. ज्युलियन नावाचे गृहस्थ या कंपनीचे अध्यक्ष झाले. हे गृहस्थ म्हणजे तेलाच्या कंपनीचे शेअर वर्तमानपत्रांत जाहिराती देऊन विकण्यात हात बसलेले. एका जाहिरातीत त्यांनी म्हटलं होतं, की विधवांनी आणि अनाथांनी या भानगडीत पडू नये, ज्यांना बुडणं परवडतं त्यांनीच यावं! 'तुमच्यासाठी नाही' म्हटलं, की गिऱ्हाईक दाराला धडका देतं, हे त्यांना साडीच्या दुकानदाराइतकं पक्कं ठाऊक असावं.

मार्च १९२६ मध्ये त्यांनी लॉस एंजलीसहून बीटीपर्यंत खास आगगाडी सोडली. तीनशेहून जास्त पाहुणे. तिथून मोटारींची रांग याच रस्त्यानं लेडफील्डला. जेवणावळ, वाद्यं, भाषणं. लग्नाला कमी होतं ते फक्त स्थळ. जाहिरातीत म्हणे अमरगोसा नदीतून लेडफील्डपर्यंत आगबोटी येताना दाखवल्या होत्या, अशी दंतकथा आहे. ही नदी बहुतेक ठिकाणी वाळूखालून वाहते. तिच्यात बोट चालवायची, तर आधी बोट पुरावी लागेल.

ऑगस्ट १९२६ मध्ये गावाला पोस्ट ऑफिस मिळालं. तोवर सरकारी अधिकारी परवान्याची विचारपूस करू लागले होते. बोगद्यात अपेक्षित जागी पोचल्यावर शिसं निघालं ते नावापुरतं. जानेवारी १९२७ मध्ये पोस्ट बंद झालं आणि माणसं उठून गेली. पुढं ज्युलियनसाहेब दुसऱ्याच एका तेलप्रकरणात खटला अंगावर येताच शांघायला पळाले आणि १९३४ मध्ये तिथंच त्यांनी आयुष्य संपवलं.

हे सगळं ऐकताना मला आमच्या शाखेतले एक गुरुजी दिसत होते. निवृत्त, टोपी, कोट आणि कापडी पिशवी. सात-आठ वर्षांपूर्वी ते फंडाच्या पैशांची ठेव मोडायला माझ्यासमोर उभे राहिले. इमू पाळणाऱ्या एका कंपनीत घालायचे होते. माहितीपत्रकावरचा इमू साहेबासारखा रुबाबात उभा होता. मी म्हटलं, "गुरुजी, हा पक्षी उडत नाही हे खरं, पण पैसे उडतील." ते हसले. म्हणाले, "मुलीचं लग्न आहे हो. तुमच्या व्याजात मांडवसुद्धा होत नाही." या हिशेबात चूक काढता येईना. ठेव मोडली. वर्षभरात कंपनीला टाळं लागलं. त्यानंतरही गुरुजी दर महिन्याला पासबुक भरायला येत. भरण्यासारखं काही नसे. यंत्र पान तसंच कोरं परत देई आणि ते म्हणत, "असू दे."

बी.कॉम.ला शिकलेलं बाकी सगळं मी विसरलो. एकच नियम राहिला आहे. एकाच्या नावे पडलं, की कुणाच्या तरी जमेला असलंच पाहिजे. लेडफील्डच्या भागधारकांचे पैसे नावे पडले. काही कुणाच्या खिशात गेले, काही जेवणावळीत गेले, उरलेले कुठं गेले? मी पायाखाली पाहिलं. ते इथं होते. या चढात, या वळणांत.

पुढं वाटेत एक झरा लागला. त्याच्याजवळच्या कातळावर मूळच्या रहिवाशांनी कोरलेली चित्रं आहेत. त्यांनी शेअर काढले नव्हते, म्हणून ती टिकली. शेवटी दोन्हीकडचे कडे जवळ आले. शेकडो फूट उंच भिंती आणि मधली वाट कुठं कुठं वीस फुटांहूनही अरुंद. घळीच्या तोंडाशी गाडी लावून आम्ही त्याच वाटेनं पायी मागं गेलो. समोरून एक कुटुंब येत होतं. लहानगी मुलगी काळ्या कातळातल्या पांढऱ्या रेघांवरून हात फिरवत चालली होती. लेडफील्डचा लाभांश असा ९३ वर्षांनी निघाला, पण भलत्यालाच मिळाला. तिला मिळाला, मला मिळाला. ज्यांनी पैसे भरले, त्यांतल्या किती जणांनी हा रस्ता डोळ्यांनी पाहिला असेल? आणि गुरुजींच्या पैशांचा तर पायवाटेएवढाही रस्ता कुठं झाला नाही.

"मामा, गप्प का? चक्कर येतेय का?" भाच्यानं काळजीनं पाण्याची बाटली पुढं केली.

"नाही रे. ताळा जमत नाहीये."

संध्याकाळी फर्नेस क्रीकला मी त्या घळीचं एक चित्रकार्ड घेतलं आणि गुरुजींचा पत्ता लिहिला. ठेवीच्या अर्जावरून तो पाठ झाला होता. मजकूर काही सुचेना. 'ताजा कलम' सोडून सगळं खोडून झालं. अखेर लिहिलं: 'गुरुजींना सा. न. इथं एक रस्ता पाहिला. तो तुमच्यासारख्यांनी बांधलेला आहे. फार सुरेख आहे.' आणि तिथल्या पोस्टात टाकलं. तिथलं पोस्ट चालू होतं.