चॉइस फिलिंगच्या आधी

देवळी, जि. वर्धा

चि. छकुलीस,


तुझा फोन आला तेव्हा ओसरीवर पेशंट बसले होते, म्हणून धड बोलता आलं नाही. ‘आत्या, स्पीच घेऊ की ओटी?’ हा प्रश्न तसाही फोनवर आटपण्यासारखा नाही. दादाला ‘स्कोप कशात’ एवढंच ऐकायचं आहे. मी फिजिओथेरपिस्ट. नोकरीभर एका बाजूला स्पीचची खोली आणि दुसऱ्या बाजूला ओटीची, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीची. दोघांचंही काम जवळून पाहिलंय, आणि बाजू घ्यायची सक्ती कोणाचीच नाही.

आधी कागदोपत्री. स्पीचचा बीएएसएलपी चार वर्षांचा, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. ओटीचा बीओटीएच आपल्याकडे साडेचार वर्षांचा चालत आलाय, सहा महिन्यांची इंटर्नशिप धरून. राज्याच्या सीईटी सेलकडे दोन्ही नीटच्या गुणांवर भरतात. स्पीचच्या कॉलेजला आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता आहे ना, ते स्वतः तपास. ओटी करून महाराष्ट्रात प्रॅक्टिस करायची तर राज्याच्या व्यवसायोपचार आणि भौतिकोपचार परिषदेत नोंदणी लागते. आणि बीएएसएलपीतला ‘ए’ ऑडिओलॉजीचा आहे, हे विसरू नकोस. ऑडिओमेट्री, बेरा, श्रवणयंत्रं असा बराच अभ्यास कानाचा असतो. ध्वनीचं फिजिक्स बघून पोटात गोळा येणार असेल तर आत्ताच ठरव.

स्पीच म्हणजे बोबडी आणि तोतरी मुलं, असं तुला वाटतं. आपल्या भागात त्या दारातून पुष्कळ येतात ते तंबाखू-सुपारीचा खर्रा खाणारे. तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेलं, जीभ थोडी गेलेली, पाण्याच्या घोटाला ठसका. पाणी श्वासनलिकेत उतरत राहिलं तर न्यूमोनिया होतो. मान कशी ठेवायची, किती दाट करून द्यायचं, एका वेळी किती, हे गिळणंही स्पीच थेरपिस्टच शिकवते.

दुसरे अर्धांगवाले. आपल्या आळीतल्या एका आजोबांची उजवी बाजू गेली आणि वाचाही. पाणी मागायचं तर तोंडातून भलताच शब्द निघे. पण संध्याकाळी आरती सुरू झाली की हे पहिल्यापासून शेवटपर्यंत बिनचूक. सुनेला वाटे, म्हातारा ढोंग करतो. ढोंग कसलं! पाठ झालेलं, चालीवरचं बोलणं मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाली तरी पुष्कळदा शाबूत राहतं. थेरपिस्ट त्याच चालीचा आधार घेऊन एकेक कामाचा शब्द बाहेर काढायला बघते. आज आलेला शब्द उद्या येईलच असं नाही. तिथे चिडून चालत नाही.

आता ओटी. कमलाबाई निंबकर हे नाव लक्षात ठेव. जन्माने अमेरिकन, माहेरच्या एलिझाबेथ लंडी. मुंबईच्या केईएममध्ये 1950 साली त्यांनी या विषयाचं शिक्षण सुरू केलं, ते आशियातलं पहिलं मानतात. पुढे नागपूरच्या मेडिकललाही ओटीचं शिक्षण आलं. 1952 साली ओटीची जागतिक संघटना झाली, तेव्हा संस्थापक दहा देशांत भारत होता. तेव्हा ‘हे काय नवीन खूळ’ असं कोणी म्हणालं, तर एवढं ऐकवच.

या खोलीत औषधाचा वास नसतो. परात, पोळपाट, शर्टाची बटणं, मण्यांची पेटी. डावा हात निकामी झालेली एक बाई ‘भाकर करता येईन का’ एवढंच विचारायची. ओटीवालीने परातीखाली ओलं फडकं घातलं, परात सरकायची थांबली. लाकडी पाटाला खालून दोन खिळे ठोकले, वर आलेल्या टोकांत बटाटा खोचला, एका हाताने सोलून-चिरून झाला. मी त्या बाईचा खांदा महिनोन्‌महिने हलवत होते. घरात तिचा शब्द परत चालायला लागला तो त्या परातीमुळे. माझ्या धंद्याला हे सांगताना थोडं लागतं, पण खरं आहे.

दत्तपूरचं कुष्ठधाम तुला माहीत आहे. मनोहरजी दिवाणांनी 1936 मध्ये ते काम उभं केलं. कुष्ठरोगात बधिर झालेल्या हाताला गरम पेल्याचा चटका कळत नाही. भाजतं, चिघळतं आणि बोटं जातात. पेल्याला जाड कापड गुंडाळणं, वस्तू धरण्याआधी डोळ्यांनी हात तपासण्याची सवय लावणं, हे ओटीचं काम. स्वमग्न मुलांपासून मळणीयंत्रात हात गेलेल्यांपर्यंत सगळीकडे हाच विचार: या माणसाला दिवसभरात काय करायचं आहे, आणि ते कुठे अडतंय?

पण देवळीसारख्या गावात दोघींपुढे अडचण एकच. सावंगी, सेवाग्रामची हॉस्पिटलं जवळ असली तरी एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी मोजून माणूस फार तर दोनदा येतो. पुढचं सगळं घरी, आईच्या किंवा सुनेच्या हाताने. म्हणजे तुला पेशंटइतकंच घर शिकवायचं आहे. ते साधणार नसेल तर डिग्री कुठलीही घे, सारखीच.

मग तुझं काय? मला विचारशील तर स्पीच. एक तर इथल्या बोलीची गरज. वऱ्हाडी पोर ‘डोळा’ला ‘डोया’ म्हणतं, ‘काळा’ला ‘काया’. बाहेरून आलेली थेरपिस्ट हे उच्चाराचा दोष म्हणून लिहून घेते, आणि जे पोर घरच्यासारखंच चोख बोलतंय त्याला सराव लावते. खरा दोष कुठला आणि बोली कुठली, हे तुझ्या कानाला शिकवावं लागणार नाही. दुसरं, तू समोरच्याचं वाक्य मध्येच पुरं करत नाहीस. आपल्या खानदानात हे दुर्मीळ आहे. हाताचं म्हणशील तर तुझ्या अर्ध्या रांगोळ्या मीच पुऱ्या केल्यात, आणि ओटीत स्प्लिंट गरम पाण्यात मऊ झाला की गार व्हायच्या आत नेमका बसवावा लागतो.

दादाला नागपूर सोयीचं, म्हणून ओटी हवी आहे. स्पीचसाठी मुंबईत बांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, 1983 पासूनची. नायर हॉस्पिटलमध्येही तो कोर्स आहे. मुंबईचं नाव काढलं की तो खर्चावर येईल. ते मी बघते.

तू मात्र फॉर्म भरण्याआधी दोन्ही खोल्यांत परवानगी काढून एकेक सकाळ बस. बरा झालेला पेशंट बघू नकोस, तो कोणालाही आवडतो. तेच तेच चाललंय आणि काहीच हलत नाहीये, असा पेशंट बघ. तिथे कुठल्या खोलीत घड्याळाकडे तुझं लक्ष गेलं नाही, ती खोली यादीत वर लिही. ती ओटीची निघाली तर माझा मान राखायला म्हणून स्पीच लिहू नकोस.

तुझी,
मोठी आत्या