मगरिबच्या आत

मुस्लिम मुलगी मैदानावर खेळते म्हटलं की लोक पहिला प्रश्न कपड्यांचा विचारतात. आपले विचारतात, ‘हाफ पँट घालावी लागते का?’ इतर विचारतात, ‘स्कार्फ काढू देतात का घरचे?’ गेले तीन महिने मी दोंडाईच्यातल्या एका कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाची तयारी जवळून पाहते आहे. माझं मत असं झालंय की कपड्यांचा प्रश्न सगळ्यात सोपा होता. तो पंधरा दिवसांत मिटला. मिटत नव्हता तो घड्याळाचा.

माझा या संघाशी संबंध एका मुलीमुळे. मी उर्दू शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. ही माझी जुनी विद्यार्थिनी, आता कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पाचवीत ‘ळ’ म्हणताना अडखळायची आणि वर्गात सगळ्यात मागे बसायची, कारण पुढे बसली तर मागच्यांना फळा दिसायचा नाही. आज तिची उंची पाच फूट आठ इंच आहे. मोहल्ल्यात या उंचीकडे लग्नातली अडचण म्हणून बघतात. ‘इत्ती लंबी को दूल्हा कहाँ से लाएंगे’ हे वाक्य तिने इतक्या वेळा ऐकलंय की ती चालताना खांदे पाडून चालायची. कॉलेजच्या क्रीडा शिक्षकांनी तिला ग्रंथालयाच्या रांगेत पाहिलं आणि विचारलं, ‘बेटा, बास्केटबॉल खेळशील?’ उंचीबद्दल कुणी आनंदाने बोललंय हे तिने आयुष्यात पहिल्यांदाच अनुभवलं असावं.

वडील मालवाहू रिक्षा चालवतात. आई मिरचीच्या हंगामात देठ मोडायला जाते. दोंडाईचा आणि नंदुरबारकडच्या मिरचीबद्दल तुम्ही ऐकलं असेल; ती लाल होऊन पोत्यात जाण्याआधी किती बायकांची बोटं जळतात ते फारसं कुणी सांगत नाही. ही आई माझ्याकडे आली ती सरळ मुद्द्यावर. ‘आपा, खेलने दो, मेरी ना नहीं. पन कपड़े ढंग के होना, और मगरिब के अंदर घर में होना.’

पहिली अट सोपी निघाली, कारण ती आमच्याआधी दुसऱ्या बायकांनी लढून सोपी केली होती. 2014 साली इंचॉनच्या आशियाई खेळांत कतारच्या मुलींना मंगोलियाविरुद्धच्या सामन्याआधी हिजाब काढायला सांगितलं. त्यांनी काढला नाही आणि सामना सोडून दिला. आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटना, म्हणजे फिबा, तिच्या नियमांत तेव्हा डोक्यावर काही घालायला मनाई होती. कारण सांगायचे इजा होण्याचं. त्याच सुमाराला अमेरिकेतली बिल्किस अब्दुल-कादिर कॉलेज संपवून युरोपात व्यावसायिक खेळायला निघाली होती आणि याच नियमाने अडली. ही साधीसुधी खेळाडू नव्हे. शाळेत असताना तिने 3,070 गुण केले आणि मॅसॅच्युसेट्स राज्याचा विक्रम मोडला. गाव तिचं स्प्रिंगफील्ड, जिथे 1891 च्या डिसेंबरात जेम्स नायस्मिथने सज्जाच्या कठड्याला पीचच्या टोपल्या ठोकून हा खेळ काढला. खेळाच्या जन्मगावची मुलगी आणि तिलाच खेळाच्या दारात थांबवलं. तिने, इतर खेळाडूंनी, अनेक देशांनी पाठपुरावा केला आणि 1 ऑक्टोबर 2017 पासून नियम बदलला.

तो नियम मी वाचला, तेव्हा मला तो एखाद्या समजूतदार शिंप्याने लिहिल्यासारखा वाटला. डोक्यावरचं कापड काळं, पांढरं किंवा गणवेशाच्या मुख्य रंगाचं असावं, संघात सगळ्यांचं एकाच रंगाचं. चेहरा झाकायचा नाही. गळ्याशी किंवा चेहऱ्याजवळ उघडबंद करायचं काही नको, लोंबतं टोक नको. थोडक्यात, पिना नकोत. तिच्या आईने काळ्या होजियरीच्या कापडाचा, डोक्यावरून सरळ ओढून घ्यायचा स्कार्फ घरच्या मशीनवर शिवला. जर्सीच्या आत पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट, खाली पायघोळ ट्रॅक पँट. मी नियमाची प्रत घेऊन सरांकडे गेले तर ते म्हणाले, ‘मॅडम, मला माहीत आहे. पण कागद बॅगेत असू द्या, वेळेवर पंचांना दाखवायला बरा.’ झालं. फ्रान्समध्ये मात्र तिथल्या बास्केटबॉल महासंघाने स्पर्धांतून हिजाबला मनाई केली आहे. देशाच्या युवा संघातून पदक जिंकलेली दियाबा कोनाते हिला आपल्याच देशात खेळता येईना. तिथला प्रश्न आमच्या दोंडाईच्यातल्या सरांनी एका वाक्यात सोडवला असता, असं मला उगाच वाटून गेलं.

त्या आईला मी आणखी एक गोष्ट सांगितली. बायकांनी हा खेळ कसा सुरू केला ती. स्प्रिंगफील्डच्याच भागात स्मिथ कॉलेज नावाचं मुलींचं कॉलेज आहे. तिथल्या व्यायामशिक्षिका सेंडा बेरेन्सन यांनी 1892 मध्ये नव्या खेळाबद्दल वाचलं आणि मुलींना शिकवला. मार्च 1893 मध्ये पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाच्या मुलींचा सामना झाला. पुरुष प्रेक्षकांना आत मज्जाव होता. मुली फार दमू नयेत, धसमुसळेपणा करू नये म्हणून त्यांनी मैदानाचे तीन भाग पाडले. आपला भाग सोडून जायचं नाही, दुसरीच्या हातातला चेंडू हिसकायचा नाही, तीनपेक्षा जास्त वेळा आपटायचा नाही. आई ऐकून हसायला लागली. ‘मतलब उन के यहाँ भी पर्दा था!’ होताच. बंद दारं हळूहळू उघडली, तीन भागांच्या रेघा पुढे पुसल्या गेल्या, आणि आज आमची मुलगी अठ्ठावीस मीटर लांबीच्या मैदानावर या टोकापासून त्या टोकापर्यंत धावते. पण पहिल्या दिवशी ते दार बंद होतं म्हणूनच कदाचित त्या मुलींच्या घरच्यांनी त्यांना आत जाऊ दिलं असेल. मला दार बंद करणाऱ्यांचा राग येतो, पण बाईंचा येत नाही.

आता तयारीबद्दल. मैदान सिमेंटचं आहे. पावसाळ्यात निसरडं, ऑक्टोबरात तव्यासारखं. एका रिंगला जाळी आहे, दुसरीला नाही, त्यामुळे चेंडू आत गेला की बाहेरून गेला यावर रोज एक वाद ठरलेला. संघात नऊ मुली. नियमाने बारा चालतात, मैदानात पाच लागतात. नऊ म्हणजे पुष्कळ असं वाटेल, पण पाच फाउल झाले की खेळाडू बाहेर. मागच्या वर्षी सातच गेल्या होत्या. दोघी फाउलवर बाहेर, एकीचा पाय मुरगळला आणि शेवटची चार मिनिटं चौघींनी खेळून काढली. त्या आठवणीने सर प्रत्येक मुलीला जपतात. रिंगखाली उभं राहून चेंडू खेचायला उंच मुलगी त्यांच्याकडे ही एकच.

तिची सगळ्यात मोठी लढाई डाव्या हाताशी झाली. डावीकडून रिंगकडे जाताना चेंडू डाव्या हाताने टाकायचा असतो. आपल्या घरांत डावा हात कसा वाढतो ते तुम्हाला माहीत आहे; जेवताना पुढे आला की दादीची चापटी. सर म्हणायचे डावा, तिचा आपसूक उजवा पुढे यायचा. शेवटी तिने महिनाभर घरातला झाडू डाव्या हाताने मारला, बादली डाव्या हाताने उचलली. दादी बडबडल्या, पण झाडूबद्दल शरीयतमध्ये काही सापडलं नसावं.

भाषेचीही गंमत. घरात ती आपली खानदेशी उर्दू बोलते, वर्गात मराठी. मैदानावर बाकीच्या ओरडतात, ‘आठे दे, आठे! माले दे!’ महिनाभरात हीसुद्धा अहिराणीतच चेंडू मागू लागली. मी पाच वर्षं तिला प्रमाण मराठी शिकवली, आणि ती घाईत बोलते अहिराणी. काय म्हणणार! या मुलींनी मोबाइलवर शिरीन लिमयेचे व्हिडिओ पाहिले. भारताच्या महिला संघाची कर्णधार राहिलेली पुण्याची खेळाडू. मोहल्ल्यातल्या दोन-तीन मुली नाव ऐकून खूश झाल्या, ‘अपनी है क्या?’ आडनाव ऐकून थोड्या हिरमुसल्या. मी म्हटलं, नाव फारसी आहे, पुण्यात जन्मलं म्हणून काय झालं, अर्धी तरी आपली धरा.

आणि आता घड्याळ. जुलैत दोंडाईच्यात सूर्य सव्वासातच्या सुमाराला मावळतो. सराव साडेपाच ते पावणेसात. मुलगी मगरिबच्या आत आरामात घरी. कुणालाच अट जाणवली नाही. पण सूर्य आईला दिलेला शब्द पाळत नाही. ऑगस्ट संपला तसा मगरिब पावणेसातवर आला, सप्टेंबरच्या शेवटी साडेसहाच्या आत. ऑक्टोबरात स्पर्धा, तेव्हा सव्वासहाच्या आसपास. म्हणजे जसजशी स्पर्धा जवळ येते, सराव वाढायला हवा, तसतसा हिचा सराव रोज मिनिट-मिनिटाने कमी होतो. ती सहालाच बॅग उचलू लागली. एका संध्याकाळी सरांचा मला फोन आला. सर भले गृहस्थ आहेत, आवाजात राग नव्हता. ‘मॅडम, तुमच्या समाजात जरा हे असतं, मला कळतं. तुम्हीच आईला समजावा.’

मी आईकडे जाण्याआधी मैदानावर गेले. मला मुलींना विचारायचं होतं. मालपूरहून येणारी म्हणाली, मी सहाची बस धरते. त्यानंतर बस नाही का? ‘आहे मॅडम, पण उतरल्यावर अंधार होतो, पप्पा ओरडतात.’ निमगूळची म्हणाली, आजीचं एकच, दिवे लागायच्या आत घरात पाय पाहिजे. गावातल्याच एका मुलीचा भाऊ साडेसहाला गेटवर मोटारसायकल घेऊन उभा असतो आणि उशीर झाला तर हॉर्न वाजवत राहतो. नऊपैकी सात मुलींना हीच अट होती. फरक इतकाच की त्या म्हणायच्या ‘बस आहे’, ‘भाऊ आलाय’, आणि आमची म्हणायची ‘मगरिब होईल’. त्यांची अडचण वाहतुकीच्या खात्यात जमा झाली, हिची धर्माच्या. सरांना मी हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत राहिले.

दुसरी गोष्ट मला त्याच दिवशी कळली. मुलींसाठीचं स्वच्छतागृह कार्यालयाच्या इमारतीत आहे आणि पाचला त्याला कुलूप लागतं. म्हणून या मुली दुपारी दोननंतर पाणीच पीत नाहीत. खानदेशातलं ऊन आणि सव्वा तास धावणं. हे त्यांनी सरांना सांगितलं नव्हतं, सर पुरुष. मला सांगितलं. आता एका मावशींकडे किल्ली असते. याला कुणाचा समाज आडवा आला नव्हता, फक्त कुणी विचारलं नव्हतं.

वेळेचा तोडगा काही फार देखणा निघाला नाही. गावातल्या पाच मुली आठवड्यातून तीन दिवस पहाटे येतात. फज्र पढून ही सहाला मैदानावर असते आणि अंधुक उजेडात एकटीच डाव्या बाजूने चेंडू टाकते. खेड्यावरच्या चौघींना इतक्या लवकर बस नाही. मार्च 2023 पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं, तेवढ्यानेच रविवारचा जास्तीचा फेरा त्यांना परवडतो, म्हणून रविवारी सकाळी आठ ते अकरा पूर्ण संघ. संध्याकाळचा सराव साडेचारला ओढला, त्यासाठी एका तासिकेवर पाणी सोडावं लागलं आणि त्या विषयाचे प्राध्यापक नाराज आहेत. त्यांचंही बरोबर आहे. मी शिक्षिका आहे, मलाही बुडालेला तास बोचतो.

आईला समजावण्याची वेळ आलीच नाही, कारण समजावण्यासारखं फारसं काही उरलं नाही. ती एका रविवारी बुरखा घालून स्वतः बघायला आली, जिन्याच्या पायरीवर बसली. मुलीने रिंगखालून चेंडू खेचला आणि कोपराने एक धक्का खाल्ला तेव्हा ‘या अल्लाह’ म्हणून उठून उभी राहिली. घरी जाताना मला म्हणाली, ‘वो लाल चोटी वाली को बोलो, धक्का मारती.’ मी सांगितलं, ती आपल्याच संघातली आहे. ‘तो फिर उन लोगों को मारना, अपनी को काय कू?’

आता धुळ्याला जायचं आहे. पहिला सामना तिथे, सकाळी बसने निघून रात्रीपर्यंत परत. जिंकलो तर पुढचे सामने जळगावला. रेल्वेने शिंदखेडा, अमळनेर करत जावं लागेल आणि दोन रात्री मुक्काम. धुळ्याला मी सोबत जाणार या अटीवर हो मिळालंय, मगरिब त्या दिवशी रस्त्यात होईल हेही मान्य झालंय. जळगावबद्दल मी विचारलं तर आई चुलीवरचा तवा उतरवत म्हणाली, ‘पहले धुलिया तो जीतो आपा, फिर देखेंगे.’ वडील काहीच बोलले नाहीत, पण जळगावची गाडी दोंडाईच्याहून किती वाजता सुटते ते त्यांनी मला दारापर्यंत सोडायला आल्यावर हळूच विचारलं.