दोन निरोपे

तिन्हीसांजेची वेळ. गोठ्याकडून घराकडे परतणाऱ्या एका मुलाच्या अनवाणी पायाखाली काहीतरी गार, मऊ आणि लांबट येते. ‘साप!’ हा विचार मनात पुरता उमटण्याच्या आतच त्याचा पाय उचलला गेलेला असतो. त्याची किंकाळी ऐकून घरातून कोणीतरी दिवा घेऊन येते आणि उजेडात दिसते ते गुराचे ओले दावे! सगळे हसतात, मुलगाही ओशाळून हसतो. त्याची छाती मात्र अजून धडधडतच असते आणि तळहात घामाने भिजलेले असतात. भिण्याचे कारण उरले नाही, हे बुद्धीला पटले. मग हृदयाला ते पटण्यास इतका उशीर का लागावा?

याचे कारण असे की, शरीरात निरोप पोचविणारे निरोपे दोन आहेत आणि त्यांची चाल एकसारखी नाही. पहिला निरोप्या म्हणजे मज्जातंतू. पायाच्या कातडीपासून पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूपर्यंत आणि तेथून परत पायाच्या स्नायूंपर्यंत तो निरोप नेतो. सर्वांत वेगवान मज्जातंतूंतून संदेश सेकंदाला सुमारे १०० मीटर धावतो. ठरलेल्या वाटेने जावे, ठरलेल्या ठिकाणीच निरोप द्यावा आणि काम होताच गप्प व्हावे, ही त्याची रीत. दुसरा निरोप्या रक्तातून जातो. दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी संकटाच्या वेळी अ‍ॅड्रिनॅलिन नावाचे द्रव्य रक्तात सोडतात. हा निरोप्या गावात दवंडी पिटणाऱ्यासारखा आहे. दवंडी गल्लीगल्लीतून ऐकू जाते. पण ज्याच्यासाठी ती असते, तोच ती ऐकून कामाला लागतो. आणि दवंडी थांबली, तरी तिने उठविलेली गडबड लगेच शमत नाही. मुलाची छाती धडधडत राहिली, ती यामुळे.

आज हे सांगणे सोपे आहे. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या दुसऱ्या निरोप्याची ओळख शास्त्रज्ञांना नीटशी पटलेली नव्हती. शरीरातील कारभार मज्जातंतूच चालवितात, असा तेव्हाचा प्रबळ समज होता. रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथे इव्हान पाव्हलॉव्ह यांनी पचनक्रियेचा अनेक वर्षे सूक्ष्म अभ्यास केला होता आणि पाचकरसांचे झरणे मज्जातंतूंच्या आज्ञेने घडते, हे प्रयोगांनी दाखविले होते. जठरातील आम्लयुक्त अन्न लहान आतड्यात उतरले, की स्वादुपिंडातून रस वाहू लागतो. ही वर्दीही मज्जातंतूच देतात, असे त्यांचे मत होते.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग हे दोघे संशोधक एकत्र काम करीत. स्टार्लिंग यांची बहीण बेलिस यांना दिलेली होती. बेलिस शांत आणि सावध, तर स्टार्लिंग उत्साही आणि उतावळे. तरी त्यांची जोडी उत्तम जमे. १६ जानेवारी १९०२ रोजी त्यांनी गुंगीचे औषध दिलेल्या एका कुत्र्याच्या लहान आतड्याच्या एका तुकड्याचे सारे मज्जातंतू कापून टाकले. रक्तवाहिन्या तेवढ्या राखल्या. मग त्या तुकड्यात सौम्य आम्ल घातले. तारच तुटली, तेव्हा निरोप पोचू नये, हे उघड होते. पण स्वादुपिंडातून रस टपकू लागला! निरोप पोचला होता.

स्टार्लिंग यांच्या तात्काळ ध्यानात आले, की हा निरोप रक्तातून गेला असला पाहिजे. त्यांनी आतड्याचे अस्तर काढून वाळू व आम्ल घालून खलले, गाळले आणि तो अर्क कुत्र्याच्या शिरेत टोचला. काही क्षणांतच स्वादुपिंड पूर्वीपेक्षाही अधिक रस देऊ लागले. त्या द्रव्यास त्यांनी ‘सिक्रेटिन’ असे नाव दिले. पुढे १९०५ साली अशा सर्व द्रव्यांसाठी स्टार्लिंग यांनी ‘हार्मोन’ हा शब्द योजला. चेतविणे या अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून तो घेतला आहे. मराठीत त्यास संप्रेरक म्हणतात.

ही वार्ता पाव्हलॉव्ह यांच्या प्रयोगशाळेत पोचली. ज्या मताभोवती आयुष्याचे परिश्रम वेचले, त्यालाच तडा गेला होता. त्यांनी आपल्या एका सहकाऱ्याकडून तोच प्रयोग आपल्यासमोर करविला. स्वादुपिंडाचा रस वाहू लागला. सारे जण स्तब्ध उभे होते. पाव्हलॉव्ह एक शब्दही न बोलता आपल्या खोलीत निघून गेले. सुमारे अर्ध्या तासाने ते परत आले आणि म्हणाले, की त्या दोघांचे म्हणणे अर्थातच बरोबर आहे. सत्य शोधण्याचा मक्ता काही आपण एकट्यांनी घेतलेला नाही. १९०४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्या सन्मानाचे मोल मोठेच. पण त्या अर्ध्या तासाचे मोल त्याहून कमी नव्हते.

या वाटेने पुढे गेलेल्यांनी मरणाच्या दारातून माणसे परत आणली. जानेवारी १९२२ मध्ये कॅनडातील टोरांटो येथे मधुमेहाने अस्थिपंजर झालेल्या लिओनर्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलास स्वादुपिंडाचा अर्क टोचण्यात आला. पहिला अर्क अशुद्ध असल्याने फारसा गुण आला नाही. पण थोड्याच दिवसांत अधिक शुद्ध अर्क मिळाला आणि मुलगा सावरला. त्यातील इन्सुलिन या संप्रेरकाच्या आधाराने तो आणखी १३ वर्षे जगला.

मग पाव्हलॉव्ह अगदीच चुकले होते काय? तसेही नाही. स्वादुपिंडाला मज्जातंतूंचीही आज्ञा मिळते, हे त्यांचे निरीक्षण खरेच होते. १९२१ साली ऑटो लोवी यांनी बेडकांच्या हृदयांवर प्रयोग करून दाखविले, की मज्जातंतूसुद्धा आपल्या टोकाशी रासायनिक द्रव्य सोडूनच निरोप हाती देतो. वाटाण्याएवढ्या पीयूषिका ग्रंथीला तर तिच्यावरचा मेंदूचाच एक भाग आज्ञा देतो. दोन निरोपे वेगळे खरे, पण ते एकाच घरचे नोकर आहेत.

दाव्याला साप समजलेल्या त्या मुलाच्या अधिवृक्क ग्रंथींनाही पहिली वर्दी मज्जातंतूंनीच दिलेली असते. दिवा आला, खरे काय ते कळले, तरी धडधड थांबायला थोडा वेळ लागतोच. जुना समज सुटायलाही असाच वेळ लागतो. दिव्याकडे पाठ फिरविली नाही, म्हणजे पुरे.